वर्षभराचा लेसन प्लॅनर तिसऱ्या महिन्यात का बंद पडतो, आणि तो चालता राहावा म्हणून कसा भरावा

प्रश्न थोडक्यात असा: सात आणि अकरा वर्षांची दोन मुलं घरीच शिकतात. वर्ष सुरू होण्याआधी तारखा छापलेला प्लॅनर आणला आणि सगळ्या विषयांचे सगळे पाठ शेवटच्या दिवसापर्यंत लिहून काढले. मग दोन आजारपणं आणि एक प्रवास झाला, पाठ आणि तारखा यांचा मेळ सुटला आणि आता ती वही उघडायचीही इच्छा होत नाही. पुढच्या वर्षी काय वेगळं करावं?

बदल मुळात एकच करायचा आहे. पाठांचा क्रम आणि तारखा एका पानावर आणू नका. क्रम वर्षभराचा लिहावा, तारीख फक्त येत्या आठवड्याला द्यावी. वर्षभराच्या तारखा आधीच टाकल्या की एक दिवस बुडाला तरी पुढची सगळी पानं चुकीची होतात, आणि ती दुरुस्त करणं हे शिकवण्यापेक्षा मोठं काम होऊन बसतं. तुमच्याकडे नेमकं हेच झालं आहे. शिस्त कमी पडली असं समजू नका, वहीची रचनाच चुकली होती.

आता वर्षाची मोजणी. पुस्तकं निवडण्याआधी हातात किती तासिका आहेत ते काढा. बरेच तयार अभ्यासक्रम ३६ आठवड्यांचे, म्हणजे आठवड्याला पाच दिवस धरून १८० दिवसांचे बेतलेले असतात. तुम्हीही ३६ आठवडे शिकवा, पण मजकूर मात्र ३२ आठवड्यांचाच ठेवा. मांडणी अशी करता येते: सहा आठवड्यांचा एक गट, त्यानंतर एक आठवडा सुट्टी, असे सहा गट. त्यात ४२ आठवडे जातात आणि मोठ्या सुट्टीसाठी १० उरतात. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या गटाचा शेवटचा आठवडा पूर्ण कोरा सोडा. पहिल्या गटात कोरा आठवडा नको, कारण तेव्हा अजून फारसं काही राहिलेलं नसतं. शेवटच्यातही नको, कारण तिथे राहिलेलं काम भरून काढायला उशीर झालेला असतो. बरेच जण चारही मोकळे आठवडे वर्षाच्या शेवटी ठेवतात. मग वर्षभर 'पुढे वेळ आहे' म्हणत काम साचतं आणि शेवटी ते चार आठवड्यांत मावत नाही.

आठवड्यातही हाच हिशोब. नवा पाठ चारच दिवस. पाचवा दिवस चाचणी, प्रयोग, राहिलेल्या दुरुस्त्या आणि घराबाहेरच्या भेटींसाठी. म्हणजे रोजच्या विषयाला वर्षात ३२ × ४ = १२८ तासिका मिळतात, आठवड्यातून दोनदा येणाऱ्या विषयाला ६४, एकदा येणाऱ्याला ३२. हे तीन आकडे प्लॅनरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पुस्तक घ्यावं की नाही, हे बऱ्याचदा हेच आकडे ठरवतात.

उदाहरणार्थ, गणिताच्या पुस्तकात १२० पाठ आहेत आणि दर दहा पाठांनंतर एक चाचणी, म्हणजे १२ चाचण्या. एकूण १३२, आणि तासिका १२८. वरवर पाहता पुस्तक बसत नाही. पण चाचण्या पाचव्या दिवशी गेल्या की १२० पाठांना १२८ तासिका मिळतात आणि आठ शिल्लक राहतात. दोन अंकी भाजकाचा भागाकार किंवा अपूर्णांकांची बेरीज अशा हमखास अडणाऱ्या घटकांसाठी त्या आठ हव्याच. पुस्तकात १५० पाठ असतील तर मात्र २२ जास्त होतात. अशा वेळी पाचवा दिवसही गणिताला देऊन टाकायचा मोह होतो. तो टाळा, कारण मग चाचण्या आणि दुरुस्त्यांना जागा उरत नाही. त्याऐवजी पुस्तकाची सुरुवातीची प्रकरणं पाहा. बहुतेक गणिताच्या पुस्तकांत ती मागच्या इयत्तेची उजळणी असतात. प्रकरणाच्या शेवटची चाचणी आधी द्या. दहापैकी आठ किंवा जास्त बरोबर आली तर चुकलेल्या दोन प्रकारांचा सराव करून पुढे जा. एवढ्यानेही बरेच पाठ कमी होतात. उरलेल्यांपैकी सोपे पाठ दोन-दोन एकत्र करा आणि सरावसंचातली फक्त विषम क्रमांकाची उदाहरणं द्या. सम क्रमांकाची उजळणीसाठी आपोआप शिल्लक राहतात.

इतिहासासारख्या विषयाचं गणित वेगळं. २४ प्रकरणं आणि ३२ आठवडे असतील तर आठवड्याला पाऊण प्रकरण येतं, आणि पाऊण प्रकरण कोणी शिकवत नाही. त्यामुळे चार आठवड्यांचा एक संच करा: तीन आठवड्यांत तीन प्रकरणं, चौथ्या आठवड्यात नकाशा, कालरेषा किंवा जोडवाचन. असे आठ संच झाले की २४ प्रकरणं आणि ३२ आठवडे दोन्ही संपतात. चित्रकला आणि संगीत यांना पाठांची क्रमवार यादी, म्हणजे क्रमपत्रक, लागत नाही, नुसती वेळ राखून ठेवली की पुरते.

क्रमपत्रक म्हणजे प्रत्येक विषयाचं स्वतंत्र पान, त्यावर १ पासून पुढे क्रमांक आणि तारीख कुठेही नाही. रकाने पाचच असावेत: क्रमांक, पाठ आणि पानं, लागणारं साहित्य, पूर्ण झाल्याची तारीख, शेरा. चौथा रकाना कोराच राहतो आणि काम झाल्यावरच भरला जातो. पत्रक लिहितानाच प्रत्येक पाठापुढे एक खूण करा. वगळता येणार नाही अशा पाठाला चांदणी, अडचणीत वगळला तरी चालेल अशा पाठाला गोल. साधारण चौथा हिस्सा पाठांना गोल मिळायला हवा. ही निवड वर्षाच्या सुरुवातीला, डोकं थंड असताना करायची असते. वर्षाच्या मध्यावर थकलेल्या माणसाला एक तर सगळंच महत्त्वाचं वाटतं किंवा सगळंच सोडून द्यावंसं वाटतं. चांदण्या देताना पुढचे पाठ कशावर उभे आहेत ते बघा. पाढ्यांशिवाय भागाकार अडतो, भागाकाराशिवाय अपूर्णांकांचं संक्षिप्त रूप अडतं, म्हणून या पाठांना गोल नको. इतिहासातलं एखादं प्रकरण नुसतं मोठ्याने वाचून दाखवलं तरी पुढचं अडत नाही.

नोंद कशी लिहावी यावर थोडा जास्त वेळ द्या, कारण प्लॅनर उपयोगी पडतो की नाही हे इथेच ठरतं. 'गणित – भागाकार' ही नोंद निरुपयोगी आहे. सकाळी ती वाचून पुस्तक शोधा, पान शोधा, किती गणितं द्यायची ते ठरवा, आणि तेवढ्यात मूल उठून गेलेलं असतं. 'भागाकार, दोन अंकी भाजक, पान ६२–६३, सम क्रमांकाची ८ उदाहरणं, पडताळा गुणाकाराने' या नोंदीत कुठून कुठपर्यंत, किती आणि झालं हे कशावरून समजायचं, ही तिन्ही उत्तरं आहेत. लेखनाच्या नोंदीत 'निबंध' असं न लिहिता टप्पा लिहा: सोमवारी मुद्दे, मंगळवारी कच्चा मसुदा, बुधवारी मोठ्याने वाचून दुरुस्ती, गुरुवारी स्वच्छ प्रत. एका दिवसात निबंध मागितला की मुलं पहिल्या मसुद्यालाच स्वच्छ प्रत म्हणतात. दुसरीकडे, शाळेच्या टाचणात, म्हणजे शिक्षकाने पाठाआधी लिहिलेल्या आराखड्यात, असतात तशी उद्दिष्टं, शैक्षणिक मूल्यं, प्रस्तावनेचे प्रश्न वगैरे घरच्या प्लॅनरमध्ये लिहायची गरज नाही. ते टाचण तपासणाऱ्यासाठीही लिहिलेलं असतं. इथे शिकवणारा आणि वाचणारा एकच.

साहित्याचा रकाना बहुतेक जण कोरा सोडतात आणि मग विज्ञानाचे प्रयोग राहून जातात. काही प्रयोगांना साहित्याबरोबर काळही लागतो. चंद्राच्या कलांचं एक आवर्तन साधारण २९.५ दिवसांचं असतं, त्यामुळे ते निरीक्षण पाठाच्या महिनाभर आधी सुरू व्हायला हवं. मिठाचे किंवा तुरटीचे स्फटिक वाढायला काही दिवस जातात. काठीच्या सावलीची लांबी ऋतूप्रमाणे कशी बदलते हे दाखवायचं तर वर्षभर, महिन्यातून एकदा, त्याच ठिकाणी आणि घड्याळात तीच वेळ धरून मोजावं लागतं. अशा पाठांची आठवण क्रमपत्रकात आधीच्या पाठाशेजारी लिहा: 'पाठ १४ सुरू होताच पाठ १८ची निरीक्षणं सुरू'. तारखेपेक्षा क्रमांकाला बांधलेली आठवण जास्त भरवशाची, कारण पाठ पुढे सरकले तर तीही बरोबर सरकते.

आठवड्याचं पान भरायला साधारण अर्धा तास पुरतो. पाचव्या दिवशी अभ्यास संपल्यावर बसा. प्रत्येक क्रमपत्रकात झालेल्या पाठांपुढे तारीख टाका, प्रत्येक विषयाचे पुढचे क्रमांक आठवड्याच्या पानावर उतरवा, मग पुढच्या दोन आठवड्यांचे साहित्याचे रकाने चाळून काय आणायचं, छापायचं किंवा वाचनालयातून मागवायचं त्याची यादी करा. ठरवलेलं पेन्सिलने, झालेलं पेनाने. जे झालं नाही ते आठवड्याच्या पानावर खोडा आणि क्रमपत्रकात परत जाऊ द्या. ते उद्याच्या चौकटीत कोंबू नका. सोमवारचं गणित मंगळवारच्या गणितासोबत दिलं की दोन्ही अर्धवट होतात, आणि बुधवारी तीन पाठ साचलेले असतात.

दोन मुलं असतील तर नियोजन मुलांच्या वेळेपेक्षा मोठ्या माणसाच्या वेळेचं करावं लागतं. सात वर्षांच्या मुलाचा एक पाठ १५ ते २० मिनिटांचा, पण त्यातलं प्रत्येक मिनिट कोणीतरी शेजारी बसावं लागतं. अकरा वर्षांच्या मुलाचा पाठ ४० मिनिटांचा असला तरी समजावून सांगायला १० ते १५ मिनिटं लागतात, बाकीचं ते स्वतः करतं. म्हणून आठवड्याच्या पानावर तीन उभे रकाने आखा: धाकटं, थोरलं आणि तुम्ही. तिसऱ्या रकान्यात एका वेळी एकच नाव येऊ शकतं. दोन नावं आली तर तो दिवस कागदावरच कोसळला असं समजा. साधारण जमणारा क्रम असा: आधी थोरल्याला गणिताचा नवा भाग १५ मिनिटं, त्या वेळात धाकटं चित्र किंवा ठोकळ्यांत. मग थोरलं उदाहरणं सोडवत असताना धाकट्याचं वाचन आणि गणित मिळून ४० मिनिटं. त्यानंतर दोघं एकत्र, विज्ञान किंवा इतिहास. हे दोन विषय एकाच घटकावर दोघांना शिकवता येतात. पाणी का उकळतं हे दोघांनी मिळून पाहावं, धाकट्याने चित्र काढून नावं द्यावीत, थोरल्याने दर मिनिटाला तापमान नोंदवून आलेख काढावा. गणित आणि भाषा मात्र स्वतंत्रच ठेवा. दोन टोकांना दोन मुलं असली की मधला पाठ कोणाच्याच कामाचा नसतो.

त्याच तिसऱ्या रकान्यात तपासणीची वेळ हवी, रोज २० ते ३० मिनिटं. बहुतेक प्लॅनरांत तिला चौकटच नसते, आणि वह्यांचा ढीग तिथूनच सुरू होतो. हातचा चुकीच्या ठिकाणी धरण्याची सवय पहिल्या दिवशी दिसली तर दोन उदाहरणांत सुटते. आठवड्याने दिसली तर तोवर मुलाने तीच चूक चाळीस वेळा घोटलेली असते.

वही की संगणक? माझं मत: क्रमपत्रकं संगणकावर किंवा भोकं पाडलेल्या सुट्या पानांच्या फाइलमध्ये, आठवड्याचं पान कागदावर. शिवलेल्या वहीत मध्ये पान घालता येत नाही आणि तारखा छापलेल्या वहीत सुट्टीची पानं वाया जातात. स्प्रेडशीट वापरत असाल तर पाठांना अंदाजे तारखा देण्यासाठी 'वर्कडे' (WORKDAY) हे फंक्शन आहे. सुरुवातीची तारीख, दिवसांची संख्या आणि सुट्ट्यांच्या तारखा असलेल्या पेशींची (सेलची) यादी दिली की शनिवार, रविवार आणि सुट्ट्या गाळून ते पुढची तारीख देतं. दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. दिलेली सुरुवातीची तारीख ते मोजत नाही, त्यामुळे पहिला पाठ सोमवारी हवा असेल तर आदल्या दिवसाची तारीख द्यावी लागते. आणि आठवड्याला चारच दिवस शिकवायचं असेल तर 'वर्कडे.इंटल' (WORKDAY.INTL) वापरून सुट्टीच्या वारांच्या जागी अवतरणचिन्हांत सात अंक, ००००१११, असे द्यावे लागतात. हे अंक अर्थातच इंग्रजी आकड्यांत टाइप करायचे. क्रम सोमवारपासून सुरू होतो, शून्य म्हणजे कामाचा वार आणि एक म्हणजे सुट्टी. एवढं केल्यावर सुट्ट्यांच्या यादीत एक तारीख वाढवली की पुढच्या सगळ्या तारखा आपोआप सरकतात.

या सोयीचा एक तोटाही आहे, आणि प्लॅनर अॅपमधल्या 'सगळं एक दिवस पुढे ढकला' या बटणालाही तो लागू पडतो. रोज थोडं पुढे ढकलताना शेवटची तारीख कुठे गेली हे दिसत नाही. वर्ष संपायला आलं की पस्तीस पाठ मोठ्या सुट्टीत शिरलेले आढळतात. म्हणून पत्रकाच्या सर्वांत वरच्या ओळीत शेवटच्या पाठाची तारीख सतत दिसेल अशी ठेवा आणि ती ठरलेल्या तारखेच्या पुढे गेली तर पेशीचा रंग बदलेल असं करा.

दर सहा आठवड्यांनी, सुट्टीच्या आठवड्यात, प्रत्येक विषयाचा एकच भागाकार करायचा: उरलेले पाठ भागिले उरलेले मजकुराचे आठवडे. कोरे आठवडे यात धरायचे नाहीत. समजा १२० पाठांच्या गणितात तीन गटांनंतर, म्हणजे १८ आठवड्यांनंतर (त्यातले दोन कोरे), ५० पाठ झाले. उरले ७०, मजकुराचे आठवडे उरले १६, उत्तर ४.४. तासिका आठवड्याला चारच, म्हणजे १६ आठवड्यांत ६४, म्हणजे सहा पाठ जास्त. आता गोल खुणेचे सहा पाठ गाळा, नाहीतर येणाऱ्या कोऱ्या आठवड्यात चार घ्या आणि दोन गाळा. निर्णय तेव्हाच आणि लेखी. उत्तर साडेपाचच्या वर गेलं तर मात्र गाळून भागत नाही. एक तर पुस्तक मुलाच्या पातळीच्या वरचं आहे, किंवा पाठ आधीच मोठे आहेत. अशा वेळी वेग वाढवण्याऐवजी पुस्तक दीड वर्षात संपवायचं ठरवून क्रमपत्रक तसंच पुढे चालू ठेवा. क्रमांकांना वर्षाची हद्द नसते, हा तारीख न टाकण्याचा आणखी एक फायदा.

आजारपणासाठी 'किमान दिवस' आधीच लिहून प्लॅनरच्या आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवा: १५ मिनिटं गणिताची उजळणी, २० मिनिटं वाचन, चार ओळी लेखन. बस्स. तो दिवस शिकवलेला दिवस म्हणून नोंदवा, पण क्रमपत्रकातला क्रमांक पुढे नेऊ नका. शिकवणाराच आजारी पडला तर त्यातलं फक्त वाचन ठेवा.

नोंदी किती ठेवायच्या हे तुम्ही राहता तिथल्या नियमांवर अवलंबून आहे. कुठे दिवस मोजतात, कुठे तास, कुठे कामाचे नमुने मागतात, कुठे काहीच नाही. प्लॅनर विकत घेण्याआधी हे पाहून घ्या, कारण तास मोजायचे असतील तर आठवड्याच्या पानावर प्रत्येक चौकटीत मिनिटांची जागा लागते, आणि मागाहून आठवून लिहिलेले तास कोणालाच पटत नाहीत, लिहिणाऱ्यालाही नाही. नियम काहीही असोत, दर सहा आठवड्यांच्या गटातून प्रत्येक विषयाचे तीन नमुने तारीख घालून बाजूला ठेवा: एक सुरुवातीचा, एक मधला, एक शेवटचा. फक्त उत्तम पानं ठेवली तर प्रगती दिसत नाही. वाचलेल्या पुस्तकांची यादी मात्र मागच्या पानावर रोजच्या रोज. ती नंतर आठवून कधीच पूर्ण होत नाही.

अकरा वर्षांच्या मुलाला स्वतःचं पान द्यायला हरकत नाही, पण एकदम पूर्ण आठवडा देऊ नका. पहिला महिना फक्त आजच्या दिवसाची यादी, खुणा त्यानेच करायच्या. मग दोन दिवसांची कामं एकत्र, क्रम त्याचा. ते सुरळीत झालं की पूर्ण आठवडा. आठवड्याचं सगळं शेवटच्या दिवसावर ढकलायला लागलं तर एक पायरी मागे या, फार बोलू नका. झाल्याची खूण त्याची, तपासल्याची तुमची, आणि दोन्ही खुणा झाल्याशिवाय क्रमपत्रकात तारीख पडणार नाही, एवढा नियम सुरुवातीलाच सांगून ठेवा.

राहिला या वर्षाचा अर्धवट प्लॅनर. मागची रिकामी पानं भरत बसू नका. प्रत्येक पुस्तकात मूल खरोखर जिथे आहे त्या पाठावर कागदाचा तुकडा ठेवा, तिथून पुढच्या पाठांना १ पासून क्रमांक द्या, गोल आणि चांदण्या करा, उरलेल्या आठवड्यांतून दर आठपैकी एक वजा करा आणि भागाकार करा. दोन मुलांच्या सगळ्या विषयांना मिळून एक दुपार लागते. छापील तारखांची उरलेली पानं आठवड्याची पानं म्हणून वापरा, पण एका वेळी एकच आठवडा भरायचा. पहिल्या आठवड्यात फक्त गणित, भाषा आणि वाचन लिहा. ते तीन विषय चार दिवस जसे लिहिले तसे पार पडले तर दुसऱ्या आठवड्यात विज्ञान आणा, तिसऱ्यात इतिहास.